कोलाडचं राफ्टिंग आणि ताम्हिणीची दरी: सोलापुरातून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

राफ्टिंग म्हटलं की आपल्याकडं लोकांना एकदम ऋषिकेशच आठवतं, मग रेल्वेचं रिझर्व्हेशन, आठवडाभर रजा, खर्च असा सगळा हिशोब निघतो आणि बेत ग्रुपवरच बारगळतो. एवढ्या लांब जायची गरज नाही. रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर नवख्यांना झेपेल असं चांगलं राफ्टिंग होतं, आणि परत येताना थोडी वाट वाकडी केली तर ताम्हिणी घाटात त्याच कुंडलिकेची दरी वरून बघायला मिळते. सकाळी जिच्या पाण्यात भिजलो ती नदी दुपारी कड्यावर उभं राहून पार खाली शोधायची, हा या ट्रिपचा खरा मजेचा भाग आहे, नुसतं राफ्टिंग करून पळत सुटणारे अर्धी ट्रिप सोडून येतात असं माझं मत.

सोलापूर ते कोलाड साधारण ३६० किलोमीटर पडतं, पुण्यापर्यंत अडीचशे आणि तिथून पुढं शंभर-सव्वाशे. नदी आणि दरी मिळून काम एका दिवसाचं आहे, पण तो दिवस रविवार धरला तर शनिवारी निघायला लागतं. रात्रभर गाडी मारून सकाळी डायरेक्ट नदीवर जाऊ म्हणणारा एकजण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोय, त्याचं ऐकू नका, का ते पुढं येईलच.

आधी पाण्याचं गणित समजून घ्या

कुंडलिकेचं राफ्टिंग पावसावर नाही, धरणाच्या पाण्यावर चालतं, आणि ही एक गोष्ट कळली की बाकी सगळं टाइमटेबल आपोआप लागतं. मुळशी धरणाचं पाणी घाटावरून मोठमोठ्या पाइपांतून खाली भिऱ्याला आणतात, तिथं टाटांचं वीज केंद्र आहे, १९२७ पासून चालू असलेलं. वीज तयार करून झालेलं पाणी पुढं कुंडलिकेत सोडतात, ते सहसा सकाळी, आणि ती पाण्याची लाट नदीत असेपर्यंतच राफ्टिंग. पाणी ओसरलं की दगड वर येतात आणि राफ्ट, म्हणजे हवा भरलेली रबरी होडी, घासायला लागते. म्हणून इथं दुपारची बॅच, संध्याकाळची बॅच असलं काही फारसं नसतं, सकाळचं सकाळीच. तुम्ही अकरा वाजता पोचलात तर पैसे भरलेले असले तरी नदी काही तुमच्यासाठी थांबत नाही.

आता यातली गंमत सोलापूरकराला जास्त कळेल. मुळशीचं धरण आहे मुळा नदीवर. ही मुळा पुण्यात मुठेला मिळते, मुळा-मुठा पुढं भीमेला, आणि भीमा म्हणजे उजनी. म्हणजे उताराच्या हिशोबानं हे पाणी आपल्याकडं यायचं, उजनीत, तिथून आपल्या शेताला आणि काही दिवसांआड येणाऱ्या आपल्या नळाला, ते डोंगराच्या पलीकडं वळवून कोकणात सोडलंय. राफ्टमध्ये तोंडावर पाणी आलं की आमच्यातला एकजण दरवेळी ओरडतो, "आमचंच पाणी हाय बे ते, घे की!" या धरणाच्या विरोधात मावळातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या पुढाकारानं १९२१ ते १९२४ मुळशी सत्याग्रह केला होता, त्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्या गेल्याच. शनिवारी जाताना मुळशीचा जलाशय रस्त्याच्या कडेनं लांबवर दिसत राहतो, तेव्हा गाडीतल्या पोरांना एवढं सांगायला हरकत नाही.

तर मुद्दा, पाणी सोडणं विजेच्या गरजेवर आणि धरणवाल्यांच्या वेळापत्रकावर असतं. क्वचित एखाद्या दिवशी सोडतच नाहीत. बुकिंग केलेल्या ठिकाणी आदल्या दिवशी फोन करून उद्या पाणी आहे का आणि किती वाजता बोलावलंय हे विचारायचंच, सोलापुरातून निघायच्या आधी एकदा आणि पुण्यात पोचल्यावर परत एकदा.

कधी जायचं

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर हा काळ धरावा. घाट हिरवा असतो, कड्यांवर सोनकीची पिवळी फुलं बहुतेक मिळतात, धबधबे थोडेफार चालू, आणि पावसाचा जोर गेलेला. कोजागिरी मात्र टाळा, नाहीतर निम्मी गँग चालत तुळजापूरला गेलेली असणार. डिसेंबर-जानेवारीत हवा छान असते पण सकाळी पाण्यात हात घातला की कळ येते, आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत सोलापूरचं कोण कशाला बाहेर पडेल. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा त्रेचाळीसच्या वर असताना ते गार पाणी म्हणजे सुख, राफ्टिंग जोरात होतं, फक्त दरी करपलेली आणि धुरकट दिसते हे धरून चाला.

जुलै-ऑगस्टचे फोटो बघून सगळ्यांना पावसाळ्यातच जायचं असतं. पावसाळ्यात नदीला धरणाशिवाय पावसाचंही पाणी येतं, रॅपिड, म्हणजे पाणी उसळत पळतं ते टप्पे, मोठे होतात, ज्यांनी आधी एकदोनदा केलंय त्यांना मजा येते. पण ताम्हिणीचा पाऊस आपल्या अंदाजात बसत नाही. सोलापूरला वर्षाकाठी साधारण साडेपाचशे मिलिमीटर पडतो, आणि २०२४ च्या जुलैमध्ये ताम्हिणीत एकाच दिवसात ५५६ मिलिमीटर पडला होता. म्हणजे आपलं अख्खं वर्ष त्यांच्या एका दिवसात. अशा वेळी दरडी येतात, घाट बंद करतात, जिल्हा प्रशासन धबधब्यांवर आणि पर्यटनाच्या ठिकाणी बंदीचे आदेश काढतं. रेड किंवा ऑरेंज अलर्ट असला की बेत पुढं ढकला, ॲडव्हान्स गेला तर गेला.

बुकिंग करताना काय विचारायचं

कोलाडच्या आसपास नदीकाठी भरपूर कॅम्प आणि रिसॉर्ट आहेत, बहुतेकांकडं राफ्टिंग, राहणं, जेवण असं पॅकेज मिळतं. राफ्टिंगचा रेट सीझन आणि वारानुसार माणशी दीड ते अडीच हजाराच्या घरात असतोय, शनिवार-रविवारी जास्त. रेटवर घासाघीस करायच्या आधी हे विचारा: तुमची राफ्टिंगची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडं झाली आहे का. महाराष्ट्राचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे, त्यात असल्या ॲक्टिव्हिटीला नोंदणी लागते, आणि चांगला चालवणारा माणूस हा प्रश्न विचारल्यावर चिडत नाही, लगेच सर्टिफिकेटचा फोटो पाठवतो.

मग बाकीचे प्रश्न. प्रत्येक राफ्टवर ट्रेनिंग घेतलेला गाइड असतो का, सोबत सेफ्टी कयाक असते का, म्हणजे पडलेल्याला उचलायला छोट्या होडीतला माणूस, हेल्मेट आणि लाइफ जॅकेट सगळ्यांना मिळतं का, सुरुवातीच्या ठिकाणी न्यायला आणि शेवटच्या ठिकाणाहून परत आणायला गाडी त्यांची का आपली, कपडे बदलायला जागा, विमा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी सोडलं नाही तर पैसे परत की तारीख बदलून. हे फोनवर ठरलं की व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि मगच यूपीआय करा. निम्म्या रेटमध्ये करून देतो म्हणणारा कुणी रस्त्यात भेटला तर गोड बोलून पुढं निघायचं.

कोण येऊ शकतं, कोण नाही

पोहता येत नाही म्हणून घरी बसू नका. कुंडलिका ग्रेड दोन ते तीनची नदी आहे, ग्रेड एक म्हणजे संथ आणि सहा म्हणजे जिवावरचं, त्या हिशोबानं ही मधली, आणि लाइफ जॅकेट नीट बांधलं असेल तर माणूस तरंगतोच. उलट विहिरीत उड्या मारून पट्टीचे पोहणारे झालेले गडी इथं जास्त त्रास देतात, कारण त्यांना वाटतं आपल्याला जॅकेट कशाला. विहिरीचं पाणी जागेवर असतं, हे पळतं पाणी आहे.

वयाची अट साधारण १४ वर्षं पूर्ण अशी असते. त्याहून लहान पोरांना राफ्टवर घ्या म्हणून गाइडच्या मागं लागू नका, त्यांच्यासाठी खाली संथ पाण्यात बोटिंग-कयाकिंग असतंय. गरोदर बाई, हृदयाचा त्रास असणारे, फिट येणारे, नुकतंच ऑपरेशन झालेले, खांदा निखळायची सवय असलेले, यांनी काठावर बसावं. बीपी-शुगरवाल्यांनी आपल्या डॉक्टरला विचारून यावं आणि गोळी चुकवू नये. वजन जास्त असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, जॅकेटचा पट्टा लागला पाहिजे, तिथं जाऊन पंचाईत नको.

आणि शनिवारी रात्रीची पार्टी. नदीकाठचा कॅम्प, शेकोटी, मित्र, सगळं कळतंय, पण दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरायचं असेल तर दारू नाही. उतरलेली नसते, शरीर सुकलेलं असतं, गाइडची हाक उशिरा कळते. चांगले गाइड वास आला तर बसूच देत नाहीत आणि बरोबरच करतात. पार्टी सोलापुरात आल्यावर करा, सोमवार खराब झाला तर तो आपला प्रश्न.

काय घालायचं, काय घ्यायचं

जीन्स नको. ओली जीन्स जड होते, वाळत नाही, मांड्या सोलते. पातळ ट्रॅक पॅन्ट किंवा हाफ पॅन्ट आणि अंगाला बसणारा टी-शर्ट, शक्यतो ड्रायफिट. बायकांनी ओढणी, सैल पटियाला, लांब कुर्ता टाळावा, लेगिंग आणि टी-शर्ट सगळ्यात सोयीचं. पायात मागं पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट, साधी चप्पल पहिल्याच रॅपिडला कोकण दर्शनाला निघून जाते. चष्मा असेल तर मागं दोरी बांधा. अंगठी, चेन, कानातलं, घड्याळ सगळं कॅम्पवर. मोबाइल पण. वॉटरप्रूफ पाऊच आहे म्हणणाऱ्यांचे पाऊच लई वेळा फुटलेले बघितलेत, आणि एका हातात मोबाइल धरणारा माणूस वल्हं मारत नाही म्हणजे बाकीच्यांवर बोजा. फोटो बहुतेक ठिकाणी त्यांचा माणूस काढतो आणि वेगळे पैसे घेऊन देतो, तेवढं आधी विचारून घ्या.

बॅगेत कपड्यांचा दुसरा पूर्ण जोड, टॉवेल, ओल्या कपड्यांना मोठी प्लास्टिकची पिशवी, सनस्क्रीन, रोजच्या गोळ्या, आणि उलटीची गोळी. आपण सपाट मुलखातले लोक, ताम्हिणीच्या वळणांनी निम्म्या गाडीचं तोंड पांढरं पडतं, गोळी घाटाच्या अर्धा तास आधी पौडलाच घ्यायची, आणि गाडी चालवणाऱ्यानं घ्यायची नाही, झोप येते. खायला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि धपाटे बांधून घेतलं की घाटातल्या महागड्या मॅगीवर अवलंबून राहायला लागत नाही.

शनिवार: सोलापूर ते कोलाड

स्वतःची गाडी असेल तर सकाळी सात-आठला निघा. हायवे चांगला आहे, मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, पाटस, आणि टोल सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे लागतात, फास्टॅगमध्ये पैसे टाकून ठेवा. भिगवणला मासे खायचा मोह सगळ्यांना होतो, खा, पण हलकं खा, पुढं घाट आहे. पुण्यात शहराच्या मधून जायच्या भानगडीत पडू नका, हडपसरच्या अलीकडून मंतरवाडी-कात्रज बाजूनं बायपासला लागायचं आणि चांदणी चौकातून पिरंगुट-पौड-मुळशी रस्ता धरायचा. कात्रजहून नवले पुलाकडं उतार आहे, तिथं अवजड गाड्या असतात, वेग कमी ठेवा.

पेट्रोल-डिझेल पिरंगुट-पौडमध्येच फुल करा, पुढं पंप कमी. मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, घाटात रेंज जाते आणि गावापर्यंत येत नाही. ताम्हिणी दिवसाउजेडी उतरायचा हा नियम समजा, चार वाजेपर्यंत घाटात पोचलं पाहिजे. उतार तीव्र, वळणं आंधळी, पावसाळ्यात धुकं, आणि इथं अपघात होत असतात. रात्रभर गाडी मारू म्हणणाऱ्याला ही माहिती दाखवा: पाच तास हायवे करून डोळे जड झालेले असताना पहाटे हा घाट येतो, आणि पोचल्यावर न झोपलेला माणूस नदीत उतरतो. उतारावर गिअर खालचा, ब्रेकवर पाय दाबून ठेवायचा नाही. खाली विळे गाव लागतं, तिथून माणगावकडं न जाता कोलाडचा रस्ता धरायचा, तुमचा कॅम्प नेमका कुठं ते कॅम्पवाल्याकडून लोकेशन घ्या, कारण बरेच कॅम्प कोलाड गावात नाहीत, विळे-कोलाड रस्त्याच्या आत नदीकडं आहेत.

गाडी नसेल तर सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस, साडेदहा-अकरापर्यंत पुणे, तिथून भाड्याची गाडी. पाच-सहाजण असले की परवडतं. स्वारगेटहून माणगाव-श्रीवर्धनकडच्या काही एसट्या ताम्हिणीतून जातात, विळ्याला उतरता येतं, पण पुढं कॅम्पवाल्याची गाडी न्यायला येणार असेल तरच हा पर्याय. परतीला रविवारी संध्याकाळची हुतात्मा सहाच्या सुमाराला पुण्यातून सुटते, दरी बघून ती गाठणं धावपळीचं होतं, त्यापेक्षा सातनंतरची वंदे भारत बरी. वेळा बदलत असतात, ॲपवर बघून घ्या.

रात्री जेवण लवकर, झोप लवकर. कोकणात आलाय तर ज्वारीची भाकरी शोधत बसू नका, तांदळाची भाकरी आणि मासे खा.

रविवार सकाळ: नदीवर

नाष्टा राफ्टिंगच्या तासभर आधी, पोहे-उपमा एवढाच. तर्रीदार मिसळ हाणून राफ्टमध्ये वाकायला लागलं की काय होतं ते सांगत नाही. बाथरूमला जाऊन घ्या, मधे सोय नाही.

सुरुवातीच्या ठिकाणी जॅकेट आणि हेल्मेट देतात. जॅकेट घातल्यावर सगळे पट्टे ओढा आणि शेजाऱ्याला सांगा की खांद्याला धरून वर उचल. जॅकेट वर सरकून हनुवटीला-कानाला आलं तर ढिलं आहे. श्वास घेता येतोय पण जॅकेट हलत नाही, एवढं घट्ट पाहिजे. हेल्मेट कपाळावर, मागं सरकवून टोपीसारखं नाही. वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टी सारखी मूठ असते, एक हात कायम त्या मुठीवर, काहीही झालं तरी. रॅपिडमध्ये दात आणि नाकं फुटतात ती दगडानं कमी आणि शेजाऱ्याच्या सुटलेल्या मुठीनं जास्त.

मग गाइड ब्रीफिंग देतो. गाइड बरेचसे नेपाळचे किंवा उत्तराखंडकडचे असतात, बोलणं हिंदीत आणि हुकूम इंग्रजीत, त्यामुळं आधीच माहीत असू द्या. फॉरवर्ड म्हणजे पुढं वाकून वल्हं मारायचं, सगळ्यांनी एका तालात, पुढच्या दोघांकडं बघून. बॅक पॅडल म्हणजे उलटं. लेफ्ट बॅक म्हटलं की डावीकडच्यांनी उलटं आणि उजवीकडच्यांनी सुलटं, राफ्ट फिरते. स्टॉप म्हणजे वल्हं मांडीवर. गेट डाऊन म्हणजे कडेवरून पटकन आत खाली बसायचं, एका हातानं बाहेरची दोरी धरायची, दुसऱ्या हातात वल्हं मुठीसकट. ब्रीफिंग चालू असताना सेल्फी काढणारा, आणि नंतर राफ्टमध्ये "काय म्हणाला बे तो?" विचारणारा माणूस एकच असतो.

बसायचं राफ्टच्या फुगलेल्या कडेवर, आत नाही. घाबरून आत सरकून बसलं की वल्हं पाण्याला टेकत नाही आणि राफ्टला वेग मिळत नाही. पाय मधल्या फुग्याच्या खाली किंवा पायासाठीच्या पट्टीत अडकवायचा, अडकवायचा म्हणजे रुतवायचा नाही, ओढला की निघाला पाहिजे. पुढच्या दोन जागा ताकदवान आणि ताल सांभाळणाऱ्यांना द्या, तिथं पाणी पण सगळ्यात जास्त अंगावर येतं. फार भीती वाटणाऱ्यानं गाइडच्या जवळ मागं बसावं.

अंतर साधारण १२ ते १४ किलोमीटर, वेळ दोन-अडीच तास. रॅपिड बहुतेक पहिल्या भागात येतात, एकामागं एक. रॅपिड आला की मनात येतं वल्हं आत घेऊन दोरी धरावी, नेमकं तेच करायचं नाही, जोरात वल्हं मारत राहायचं. पाण्यापेक्षा राफ्टचा वेग जास्त असेल तर ती लाटेतून पार होते, वेग मेला की लाटेत अडकून आडवी होते. म्हणजे वल्हं हेच तुमचं बॅलन्स आहे. पहिल्या रॅपिडला सगळे किंचाळतात, तिसऱ्या-चौथ्यापर्यंत ताल बसतो, आणि मग गाइड पण जरा मस्तीला येऊन राफ्ट मुद्दाम लाटेच्या तोंडात घालतो.

पाण्यात पडलात तर

पडायची शक्यता असते, आणि हे ब्रीफिंगच्या आधीच डोक्यात पाहिजे. पडल्यावर जॅकेट तुम्हाला दोन-तीन सेकंदांत वर आणतं, तेवढा श्वास धरा. वर आलं की पाठीवर व्हायचं, पाय खालच्या बाजूला, म्हणजे नदी जिकडं चाललीय तिकडं, आणि पायाची बोटं पाण्याच्या वर. येणारा दगड पायानं ढकलता येतो, डोकं वाचतं. राफ्ट किंवा काठ हाताच्या अंतरावर असेल तर पोहून गाठा, नाहीतर पाठीवर वाहत राहा.

पळत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, पाणी कमरेएवढंच दिसलं तरी. पाय दोन दगडांत अडकतो, वरून पाणी ढकलतं आणि माणूस तोंडावर पडतो, मग तो उठत नाही. नुसतं वाहत जाण्यापेक्षा हे जास्त धोक्याचं आहे आणि आपल्याकडं कुणी सांगत नाही. दुसरं, पडलेलं झाड किंवा फांद्या पाण्यात दिसल्या तर त्यांना धरायला जाऊ नका, पाणी आरपार जातं आणि माणूस अडकतो.

राफ्टच्या खाली आलात, डोक्यावर रबर लागलं, तर दोन्ही हात वर लावून एकाच दिशेनं सरकत जा, बाहेर निघता. गाइड दोरीची पिशवी फेकतो, तेव्हा दोरी धरायची, पिशवी नाही, आणि मनगटाला गुंडाळायची नाही. दुसऱ्याला वर घेताना त्याच्या जॅकेटचे खांद्याचे पट्टे धरून मागं पडायचं, हात धरून ओढलं तर खांदा जातो.

रॅपिड संपले की खालच्या भागात पाणी संथ होतं, तिथं गाइड स्वतःच म्हणतो उतरा पाण्यात. पोहता न येणाऱ्यांनी पण उतरावं, राफ्टची दोरी धरून का होईना. जॅकेट घालून पाठीवर पडून दोन्ही बाजूची झाडी बघत वाहत जायचं, खंड्या पक्षी तारेवर बसलेले दिसतात, हे आपल्या कंबर तलावात मिळणार नाही. फक्त जॅकेट काढायचं नाही, आणि राफ्टिंग झाल्यावर आपलं आपण परत नदीत आंघोळीला जायचं नाही. पाणी कधी सोडतील आणि पातळी कधी चढेल ते तुम्हाला कळणार नाही.

दुपार: त्याच नदीची दरी

कॅम्पवर बारा-साडेबारापर्यंत परत, आंघोळ, जेवण, आणि दीडच्या आत निघायचं. इथं कुणीतरी म्हणतं देवकुंड जवळ आहे, जाऊया. नाही. देवकुंड भिऱ्याजवळच आहे खरं, पण आत जंगलातून बराच चालायचा रस्ता आहे, जाऊन-येऊन अख्खा दिवस, आणि पावसाळ्यात बहुतेक बंदीच असते. ते वेगळ्या ट्रिपला.

आपण परत घाट चढायचा. वाटेत रस्त्यावरूनच प्लस व्हॅली दिसते, दोन दऱ्या एकमेकींना छेदतात आणि वरून अधिक चिन्हासारखा आकार दिसतो म्हणून हे नाव. गाडी वळणावर थांबवायची नाही, जागा बघून पूर्ण कडेला, आणि कठड्याच्या बाहेर पाय नाही. खाली कुंडांपर्यंत उतरायची वाट आहे, ती आज आपल्यासाठी नाही, माहितगाराशिवाय तर कधीच नाही.

मग निवे गावापासून पिंपरीकडं आत वळायचं, आठ-दहा किलोमीटर. अरुंद रस्ता, समोरून गाडी आली तर एकानं मागं घ्यायची. पिंपरीचा तलाव लागतो, अंधारबनचा ट्रेक सुरू होतो तो इथूनच, आणि तलावाच्या पुढं रस्त्याजवळच कुंडलिका व्हॅलीची जागा. फार चालायचं नाही, घरातली वयस्कर माणसं पण बघू शकतात. समोर काळ्या पाषाणाचे सरळ तुटलेले कडे, त्यांवर आडव्या पट्ट्या, खाली दाट जंगल, आणि तळाशी नदीची रेघ. या पट्ट्या म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर, हाच दगड आपल्या सोलापूरखाली पण आहे, तो झिजून आपली काळी माती झाली. तिथं आडवा पसरलाय म्हणून आपल्याला डोंगर दिसत नाही, इथं एकदम तुटलाय. आणि तुम्ही उभे आहात तो कडा म्हणजे पाणलोटाची रेषा, पाठीमागं पडलेला पाऊस उताराच्या हिशोबानं भीमेकडं जायचा, समोर पडलेला कुंडलिकेतून रोहा, रेवदंडा करत अरबी समुद्रात.

धुकं असेल तर वीस-पंचवीस मिनिटं थांबून बघा, वारा आला की पडदा सरकतो, नाही सरकला तर नाही. वारा जोरात असला की कड्यापासून दहा पावलं मागं. गवत ओलं असताना दगडावर शेवाळ असतं, रील काढताना मागं मागं सरकणारे लोक बघून मला घाम फुटतो. आवाज कमी ठेवा, हे अभयारण्याच्या आसपासचं जंगल आहे, डीजे लावून बसायची जागा नाही, आणि कुरकुऱ्याची पाकिटं आपल्या ओल्या कपड्यांच्या पिशवीत घालून परत आणा.

परत

चारच्या पुढं पिंपरीला थांबू नका. रविवारी संध्याकाळी अख्खं पुणं मुळशीहून परत येत असतं, पौड-पिरंगुट-चांदणी चौक हा पट्टा तुंबतो, तासभर त्यात जाणार हे धरूनच चाला. चहा मुळशीच्या आसपासच घ्या. पुणे ओलांडल्यावर ड्रायव्हर बदला, ज्यानं सकाळी वल्हं मारलंय त्याचे खांदे आणि डोळे आठनंतर साथ देत नाहीत, म्हणून दोन लायसनवाले असल्याशिवाय ही ट्रिप गाडीनं काढूच नका. इंदापूर किंवा टेंभुर्णीला जेवण, आणि बारापर्यंत सोलापूर. झोप यायला लागली तर ढाब्यावर गाडी लावून तासभर पडा, घरी फोन करून सांगा उशीर होतोय म्हणून. दुसऱ्या दिवशी दंड आणि पाठ भरून येतात, तेव्हा सोमवारची हाफ डे शुक्रवारीच टाकून ठेवलेली बरी.